कारागिराची मुले आणि तंत्रशिक्षणाचा जिना

गेल्या पावसाळ्यात भिवंडीतील आमच्या एका कारखानदार मित्राच्या शेडमधला रेपियर माग बंद पडला. त्या मागावर आमच्याच ऑर्डरचा माल चालू होता, म्हणून आम्हीही रोज एक चक्कर मारत होतो. धागा तुटलेला नसतानाही धागा तुटल्याचा दिवा लागे आणि माग थांबे. जॉबर आमच्या ओळखीचा, तीस वर्षांचा अनुभवी माणूस. त्याने फणी पाहिली, बीम पाहिला, ताण कमी-जास्त करून पाहिला. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी बाहेरगावाहून कंपनीचा इंजिनिअर आला. वय फार तर पंचवीस. त्याने मागाच्या पेटीला लॅपटॉप जोडला, एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलले आणि पाऊण तासात माग सुरू करून दिला. त्याचे बिल आमच्या जॉबरच्या दीड महिन्याच्या पगाराइतके होते. जॉबर आम्हाला म्हणाला, "सेठ, मशीन का कान मरोडना हम को आता है, दिमाग मरोडना नहीं आता."

हे वाक्य ऐकून आम्ही हसलो, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. माग आमच्या मोहल्ल्यातला, सूत आमच्या हातातले, कापड विकणारे आम्ही. मग त्या पेटीचे झाकण उघडणारा मुलगा आमच्या मोहल्ल्यातला का नाही? हा प्रश्न तालीम, अभ्यास वगैरे मोठ्या शब्दांत नेहमी मांडला जातो आणि जलशात टाळ्या पडल्या की संपतो. हे व्यापाराचे पान आहे, म्हणून आम्ही तो हिशेबाच्या अंगाने मांडणार आहोत.

साधा माग मिनिटाला साधारण सव्वाशे ते दीडशे पिक मारतो. रेपियर त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि एअरजेट त्याच्याही पुढे जातो. साध्या मागात जे बिघडते ते डोळ्यांना दिसते आणि पान्याने दुरुस्त होते. नव्या मागात निम्मे काम लोखंडाचे आणि निम्मे विजेच्या सर्किटांचे. म्हणजे धंदा जसजसा नव्या यंत्राकडे जाईल, तसतशी मजुरीची रक्कम आमच्या गल्लीतून कमी होऊन दुरुस्तीची आणि प्रोग्रामची रक्कम दुसऱ्या गावाला जाईल. ज्यांच्या घरात विज्ञान शिकलेला मुलगा वा मुलगी आहे त्यांच्याकडे ती जाईल. सुतारकाम, जरीकाम, छपाई, लेथ, गॅरेज, कोणताही हुनर घ्या, गोष्ट हीच आहे.

खरे पाहता संगणकाशी विणकराचे नाते जुने आहे. लिआँ या फ्रान्सच्या रेशमाच्या शहरात जोसेफ मारी जाकार नावाचा माणूस होऊन गेला. तो स्वतः विणकराचा मुलगा. १८०४ च्या सुमारास त्याने मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ बसवली. कार्डात छिद्र असेल तेथे सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. एका ओळीत अशी शेकडो "होय" आणि "नाही" असतात आणि त्यांतून बुट्टी उमटते. जॅकार्डच्या साड्या विणणाऱ्या आपल्या भाईंना हे सांगायची गरज नाही, त्यांच्या घरात अशा कार्डांचे गठ्ठे पडलेले असतात. त्याच कार्डावर लंडनच्या चार्ल्स बॅबेजची नजर गेली आणि १८३० नंतरच्या दशकात त्याने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात ती कल्पना घेतली. त्याचे यंत्र पुरे झाले नाही. पुढे हर्मन हॉलरिथ याने छिद्रांच्या कार्डांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजून दाखवली. त्याची कंपनी १९११ मध्ये दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली आणि त्या कंपनीला १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले. आजचा संगणकही आतून "होय" आणि "नाही" यांवरच चालतो. तेव्हा विणकराच्या मुलाला संगणक परका आहे असे कोणी म्हटले तर त्याला आमच्या गोदामात आणावे, जुनी कार्डे दाखवू.

मग अडते कोठे? बुद्धी कमी आहे असे आम्ही मानत नाही. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात आकडा दिला होता की आयआयटींमध्ये त्या वेळी शिकत असलेल्या २७,१६१ विद्यार्थ्यांपैकी मुस्लिम विद्यार्थी ८९४, म्हणजे ३.३ टक्के. २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशातील मुस्लिमांची लोकसंख्या १३.४ टक्के होती. त्याच अहवालात पुढे असे आहे की ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे पाव मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा गळालेली होती. आम्हाला यात दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. आयआयटीच्या दारातली गर्दी सगळ्यांना दिसते, पण ज्या जिन्याची खालची पायरीच मोडलेली आहे त्याच्या वरच्या मजल्यावर माणसे कशी दिसणार? पाव मुले जर दहावीच्या आधीच कांडी भरायला बसली, तर उरलेल्यांतून किती इंजिनिअर निघतील याचा हिशेब कोणताही मेहता करून देईल.

येथे एका इंग्रज कारागिराची हकीकत सांगावीशी वाटते. ती आम्ही उर्दू शाळेत असताना एका मास्तरसाहेबांनी सांगितली होती आणि पुढे आम्ही वाचूनही घेतली. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, जन्म १७९१. घरात गरिबी, शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी त्याला पुस्तकबांधणीच्या दुकानात शागीर्द म्हणून ठेवले आणि सात वर्षे तो तेथे राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचत असे. त्याच्या मालकाने त्याला दटावले नाही, उलट लहानसहान प्रयोग करू दिले. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने व्याख्याने ऐकून टिपणे काढली, ती स्वच्छ लिहून स्वतः बांधली आणि डेव्ही यांना पाठवली. १८१३ मध्ये त्याला त्याच प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली. डेव्ही यांच्याबरोबर युरोपच्या प्रवासाला गेला तेव्हा डेव्ही यांची बेगम त्याला नोकरासारखे वागवी, इतके की तो सगळे सोडून परत यायच्या विचारात होता. परत आला नाही, हे आपले नशीब. १८२१ मध्ये त्याने विजेने तार फिरवून दाखवली आणि १८३१ मध्ये चुंबकापासून वीज काढून दाखवली. आज आपल्या प्रत्येक मागाखाली जी मोटर घरघरते तिचे मूळ त्या दोन प्रयोगांत आहे.

आम्ही या हकीकतीत फॅरडेइतकेच त्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. त्याचे नाव विल्यम डान्स. त्याने काय केले? चार तिकिटे दिली. शिष्यवृत्ती नाही, संस्था नाही, सत्कार नाही. पण त्याला ठाऊक होते की अशी व्याख्याने होतात, तिकीट कोठे मिळते आणि कोणत्या पोराला ते द्यावे. कारागिराच्या घरात पैशाची टंचाई असतेच, त्याहून मोठी टंचाई या ठाऊक असण्याची असते. डॉक्टरच्या मुलाला जे जेवताना कळते, ते जॉबरच्या मुलाला प्रवेशाची तारीख निघून गेल्यावर कळते.

पैशाचेही एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे वडील रामेश्वरमला नावेचा व्यवसाय करीत. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत निवड झाली तेव्हा प्रवेशाला सुमारे हजार रुपये लागणार होते आणि घरात तेवढी रक्कम नव्हती. बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. ही गोष्ट सभांमध्ये फार सांगितली जाते. आम्हाला ती ऐकताना नेहमी वाटते, त्या बहिणीकडे बांगड्या नसत्या तर? ज्या घरात बांगड्या नाहीत त्या घरातल्या मुलासाठी बाजाराने काय व्यवस्था ठेवली आहे?

आता भाषेचे बोलू, कारण त्यात आम्ही स्वतः पोळलो आहोत. आम्ही दहावीपर्यंत उर्दूतून शिकलो. घनतेला कसाफत, त्रिकोणाला मुसल्लस, आम्लाला तेजाब, बलाला कुव्वत. गणितात आम्ही वाईट नव्हतो. अकरावीला विज्ञान घेतले आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर सगळे इंग्रजीत. शिकवणारे काही चुकीचे बोलत नव्हते. कसाफत आम्हाला येत होती, पण तिचे इंग्रजी नाव आले की ती जणू दुसरीच वस्तू वाटायची. सहामाहीत नापास झालो, वालिदसाहेबांनी एकदाच विचारले, "दुकानात बसतोस का?" आणि आम्ही बसलो. दुकानाने आम्हाला रोटी दिली, इज्जत दिली, तक्रार नाही. पण तेव्हा कोणी एक वही करून दिली असती, एका बाजूला उर्दू शब्द आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, तर कदाचित सहामाही निघाली असती. ही वही शंभर-दीडशे शब्दांची असते, हजारांची नाही. आठवी ते दहावीच्या सुट्टीत एखादा शिक्षक ती पाठ करून घेऊ शकतो. ज्या उर्दू शाळांनी आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घेण्याची सेमी पद्धत ठेवली आहे, तेथे मुलांना हा धक्का कमी बसतो. मातृभाषा सोडा असे आम्ही म्हणत नाही. कल्पना आपल्या भाषेतच पक्की होते. नावे मात्र दोन्ही भाषांत आली पाहिजेत.

परीक्षांच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, हे पुष्कळ पालकांना माहीत नाही. वैद्यकीयची नीट परीक्षा २०१८ पासून उर्दूतही होते, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. इंजिनिअरिंगची जेईई मेन २०२१ पासून उर्दूतही देता येते. राज्याच्या सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राला मराठी व उर्दूचा पर्याय असतो, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. परंतु आमचा अनुभव असा की पर्याय असला तरी त्या पातळीची सरावाची पुस्तके उर्दूत फार थोडी, आणि पुढे महाविद्यालय इंग्रजीतच. तेव्हा पर्यायावर फार विसंबू नये.

जिना कसा आहे

बहुतेक पालकांच्या डोक्यात एकच रस्ता असतो. दहावी, मग बारावी सायन्स, मग क्लासची भरमसाट फी, मग प्रवेश परीक्षा, मग चार वर्षे डिग्री. हा रस्ता सहा वर्षांचा आहे आणि त्यात एक खोट आहे. मध्येच घरची अडचण आली, वालिद आजारी पडले, मागाचा धंदा बसला आणि मुलाला सोडावे लागले, तर त्याच्या हातात विकता येण्यासारखे काही नसते. बारावी सायन्स नापास मुलगा बाजारात दहावी पासच्या भावानेच विकला जातो.

कारागिराच्या घरासाठी दुसरा रस्ता आहे आणि तो टप्प्याटप्प्याचा आहे. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमा, म्हणजे पॉलिटेक्निक. महाराष्ट्रात याला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, म्हणजे पुढे तीन वर्षे. तीन आणि तीन सहा. वर्षे तितकीच लागली, पण मध्ये एक मजला तयार झाला जेथे थांबून कमावता येते. डिप्लोमाधारक मुलगा दोन वर्षे नोकरी करून, चार पैसे जोडून, मग डिग्रीला गेला तरी चालते.

दहावीला गुण कमी असतील किंवा घरात घाई असेल तर आयटीआय. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचा योग्य ट्रेड चांगल्या गुणांनी पास केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, ही गोष्ट आम्ही ज्यांना ज्यांना सांगितली त्यांपैकी निम्म्यांना नवी होती. हिशेब करा: आयटीआय दोन, डिप्लोमा दोन, डिग्री तीन. एकूण सात वर्षे, म्हणजे सरळ रस्त्यापेक्षा एकच वर्ष जास्त. आणि या सात वर्षांत दोन वेळा हातात असे प्रमाणपत्र येते ज्यावर नोकरी मिळते. आम्ही कापडवाले आहोत, सगळा माल एकाच गाडीत भरून पाठवीत नाही. मुलाचे शिक्षणही असे टप्प्याने पाठवले तर वाटेत नुकसान कमी होते.

या जिन्याची निंदा करणारेही आहेत. ते म्हणतात, आयटीआयची मुले कायम हाताखालीच राहतात. काहींच्या बाबतीत हे खरे आहे, कारण वरची पायरी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. आणखी एक गोष्ट, वाटेल त्या महाविद्यालयातली वाटेल ती डिग्री आम्ही हिशेबात धरत नाही. जेथे प्रयोगशाळेला कुलूप आणि कँटीन उघडे, अशा ठिकाणी लाखांनी फी भरून मुलगा बेकार बाहेर पडला की अख्खी गल्ली म्हणते, "पढ़ लिख के क्या मिला?" त्या एका मुलामुळे पुढची दहा मुले शाळेतून निघतात. तेव्हा प्रवेशाआधी महाविद्यालय पाहून यावे. आपण ताका घेताना दोन्ही किनारी पाहतो, मधूनही उघडून पाहतो. येथे तर पोराचा प्रश्न आहे.

कागदपत्रे: आमची चूक

वर ज्या जॉबरचा उल्लेख केला, त्याची मुलगी २०२३ मध्ये दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता. जॉबर आमच्याकडे आला, म्हणाला, "सेठ, आप देख लो." आम्ही म्हटले, निकालाची प्रत आण, फॉर्म भरू. आम्हाला वाटले गुण आहेत म्हणजे काम झाले. ती मोमीन घराण्यातली, मोमीन-अन्सारी-जुलाहा राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत, पण घरात जातीचा दाखलाच नव्हता. कोणी कधी काढला नव्हता. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, की घराणे तेव्हा महाराष्ट्रात राहत होते आणि जात ही होती. जॉबरच्या आणि त्याच्या वालिदच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त "मुसलमान" लिहिलेले. आम्ही जूनमध्ये धावपळ सुरू केली, पुरावा मिळाला नाही आणि मुदत संपली. खुल्या वर्गात तिचे गुण त्या महाविद्यालयाला कमी पडले. मुलीचे एक वर्ष गेले. यात कचेरीचा दोष आम्ही काढत नाही. दाखला डिसेंबरमध्ये मागायचा असतो, आम्ही जूनमध्ये मागितला. पोरीने आम्हाला एक शब्दही म्हटले नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले.

पुढे जॉबरच्या चुलत आजोबांची नोंद एका जुन्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात सापडली, त्यात "जुलाहा" असे स्पष्ट लिहिले होते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला असा पुरावा चालतो. शाळेच्या रजिस्टराचा उतारा, नगरपालिकेची जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद, यांत कोठे तरी धागा सापडतो, फक्त शोधायला वेळ हवा. दाखला मिळाला, त्याबरोबर नॉन-क्रीमीलेअरचे प्रमाणपत्र काढले. याची मुदत असते, ती तपासत राहावी. डिग्रीच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्रही लागते आणि त्याला महिने लागतात. तिचा तो अर्ज आम्ही डिप्लोमा चालू असतानाच करायला लावला.

ज्यांची घराणी १९६७ नंतर उत्तर प्रदेश, बिहारमधून आली, त्यांना येथील यादीचा लाभ मिळत नाही. भिवंडी, मालेगावात अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी खोटा पुरावा जोडण्याच्या भानगडीत पडू नये. दाखला तपासणीत रद्द झाला की डिग्रीही धोक्यात येते. त्यांच्यासाठी, आणि सगळ्यांसाठीच, राज्यात अल्पसंख्याक दर्जा असलेली तंत्रमहाविद्यालये आहेत आणि तेथे ५१ टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे भायखळ्याचे साबू सिद्दीक आणि नवीन पनवेलचे काळसेकर, मालेगावला मन्सूराचे इंजिनिअरिंग महाविद्यालय, ही नावे वाचकांना ठाऊक आहेत. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद नीट आहे का आणि अधिवासाचा दाखला काढला आहे का, हे दहावीच्या आधीच पाहावे. नावातील एका अक्षराचा फरक, आधारवर "शेख" आणि शाळेत "शैख", यासाठीही पालकांना खेटे घालावे लागतात.

फी

फीच्या बाबतीत एकच गोष्ट ठळकपणे सांगतो, बाकी बदलत राहते. सरकारी फी सवलती बहुतेक करून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू होतात. मुलाचे नाव पहिल्या फेरीत लागले नाही म्हणून घाबरून आपले पालक मॅनेजमेंट कोट्यात रोख भरतात आणि सवलतीचा हक्क घालवून बसतात. पुढच्या फेऱ्यांपर्यंत धीर धरावा. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शैक्षणिक शुल्काची पूर्ण सवलत दिली. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे आणि मुलगी इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग किंवा आर्थिक दुर्बल घटकातील असावी, अशी अट आहे. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे आणि महाडीबीटीचा अर्ज मुलीने स्वतः भरावा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नये. आमच्याकडे एका मुलीचा अर्ज चुकीच्या बँक खात्यावर भरला गेला होता.

काही जुन्या योजना आता राहिल्या नाहीत. संशोधनासाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, आणि केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीला त्याच वर्षापासून मिळेनाशी झाली. जलशात अजूनही या योजनांची नावे घेतली जातात. कर्ज लागलेच तर राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. व्याजाच्या प्रश्नावर घराघरांत वेगवेगळे मत आहे, त्यात आम्ही पडत नाही. ज्यांना कर्ज नको त्यांनी निदान पैशाअभावी मुलीला घरी बसवले, असे तरी म्हणू नये. आधी वरच्या सवलती तपासाव्यात.

कारखानदारांचे काम

अॅप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे आहेत तिने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. आपल्याकडे कागदावर चार चार मागांचे तुकडे पाडून सगळेच लहान होतात, त्याची कारणे आम्हालाही माहीत आहेत. पण ऐच्छिक म्हणून तरी घ्यायला काय हरकत? उमेदवाराला कायद्याने ठरलेला स्टायपेंड द्यावा लागतो आणि केंद्राच्या योजनेत त्याचा काही हिस्सा सरकार उचलते. मुलाला वर्षअखेर असे प्रमाणपत्र मिळते की जे गुजरात-तामिळनाडूतही चालते. आज आपण त्याच पोराला "हेल्पर" म्हणून ठेवतो, पाच वर्षांनी तो निम्मा जॉबर होतो आणि कागद मात्र एकही नसतो. त्याचा हुनर त्याच्याबरोबर आपल्याच शेडमध्ये कैद राहतो. काही कारखानदार स्पष्टच म्हणतात, "सर्टिफिकेट दिले तर पोरगा पळून जाईल." जाईल, काही जातील. ज्या मालकाकडे फॅरडे सात वर्षे होता, त्याच्याकडूनही तो गेलाच.

दुसरे काम जागेचे आहे. एका खोलीत बारा माणसे झोपतात तेथे पोराने अभ्यास कोठे करायचा? दिवसपाळी संपली की आमच्या बाजारातले निम्मे गाळे रात्री आठनंतर रिकामे असतात. १८२३ मध्ये लंडनला जॉर्ज बर्कबेक आणि त्यांच्या साथीदारांनी कारागिरांसाठी संध्याकाळची विज्ञानाची शाळा काढली, तीच पुढे विद्यापीठाचे महाविद्यालय झाली. सुरुवात संध्याकाळच्या व्याख्यानांनी झाली होती. आपल्याला व्याख्यानेही नकोत. दिवा, पंखा, चार बाके आणि आठवड्यातून दोन वेळा येणारा एखादा डिप्लोमा झालेला मुलगा पुरे. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी लागेल, नाही तर पालक पाठवणार नाहीत. ही वस्तुस्थिती आहे, त्यावर वाद घालण्यात वर्ष घालवण्यापेक्षा दुपारी तीन ते सहा दार उघडावे. आम्ही गेल्या वर्षापासून गोदामाचा पोटमाळा असा दिला आहे. पहिल्या महिन्यात चौदा मुले आली, दुसऱ्या महिन्यात पाच उरली, परीक्षेच्या आधी पुन्हा अकरा झाली. विजेचे बिल आमच्या चहाच्या बिलापेक्षा कमी येते.

जॉबरच्या मुलीला २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. पहिल्या सत्रात गणितात अडकली होती, नंतर काढले. गेल्या महिन्यात ती दुकानावर आली. महाविद्यालयात प्रदर्शन होते आणि तिला जॅकार्डची जुनी कार्डे हवी होती, एक पूर्ण माळ, बुट्टी तुटणार नाही अशी. आम्ही पोटमाळ्यावरून गठ्ठा काढून दिला. तिने तेथेच बसून कार्डे मोजली, दोन कमी निघाली. वालिदना सांगून नवी पंच करून घेते म्हणाली, आणि गठ्ठा रिक्षात घालून गेली.